उतरते चार सूर



मन भरून आलेले असते पण रडू फुटत नाही, अशा वेळी माणूस एखादे ठरावीक गाणे लावतो. पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांत ही सवय इतकी रुळली आहे की अशा गाण्यांच्या याद्याच तयार असतात. कुणाच्या यादीत अॅडेल असते, कुणाच्या एरिक क्लॅप्टन, कुणाच्या म्हातारपणीचा जॉनी कॅश. जुन्या वळणाच्या श्रोत्याकडे पर्सेल किंवा बार्बर निघतो. हे गाणे आपल्याला रडवणार हे त्याला आधीच ठाऊक असते, म्हणून तर तो ते निवडतो. असे का होते याचे आपल्या सर्वांच्या तोंडी असलेले उत्तर सोपे आहे : गाणे दुःखी असते, त्याचे दुःख आपल्या दुःखाला भेटते आणि बांध फुटतो. मला हे उत्तर अपुरे वाटते. किंबहुना ते उलट्या टोकाने धरलेले आहे. जी गाणी पिढ्यान्‌पिढ्या लोकांना रडवत आली, ती स्वतः रडत नाहीत. त्यांच्या बांधणीत असे काहीतरी असते जे दुःखाने हलत नाही, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येत राहते. आपल्याला रडू येते ते त्या न हलणाऱ्या गोष्टीच्या आधारावर. आज मला एवढा एकच मुद्दा उदाहरणांनिशी मांडायचा आहे, आणि त्याविरुद्ध जे बोलता येईल त्याला उत्तर द्यायचे आहे.

सुरुवात चारशे वर्षे मागे जाऊन करू. जॉन डाउलंड हा इंग्लिश ल्यूटवादक १५९८ पासून डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिस्तियन याच्या पदरी होता. ल्यूट म्हणजे पाठीकडून फुगीर, छेडून वाजवायचे तंतुवाद्य. डाउलंडची आसवांवरची एक पवान, म्हणजे संथ चालीच्या दरबारी नाचाची रचना, त्याआधीच नावारूपाला आली होती. तिला शब्द जोडून त्याने १६०० साली तिचे गाणे छापले आणि १६०४ मध्ये तिच्यावरून सात पवानांचा संच 'लॅक्रिमे' या नावाने प्रसिद्ध केला. लॅक्रिमे हा आसवांसाठीचा लॅटिन शब्द. सातांना त्याने सात नावे दिली : जुनी आसवे, जुनीच पण नव्याने आलेली, उसाशांची, खिन्न, बळेच आणलेली, प्रेमिकाची आणि शेवटी खरी. इंग्लंडची राणी अॅन हिला उद्देशून लिहिलेल्या अर्पणपत्रिकेत तो सुचवतो की संगीताने ढाळलेली आसवे गोड असतात, आणि माणसे नेहमी दुःखानेच रडतात असेही नाही. या साऱ्यात मला सर्वांत बोलकी वाटते ती एक साधी गोष्ट : हा एवढा अश्रुपात त्याने नाचाच्या चालीत बसवला आहे. पवानची पावले मोजलेली असतात. तिचे तीन भाग, प्रत्येक भाग दोनदा. त्यात उसासा कुठे टाकायचा याचीही जागा ठरलेली. युरोपने ज्या रचनेला आसवांचे नाव दिले, ती शिस्तीने चालणाऱ्या पावलांची रचना आहे.

या पवानचे पहिले चार सूर आपल्या सरगमीत सांगायचे तर सा, कोमल निषाद, कोमल धैवत आणि पंचम. गालावरून थेंब ओघळावा तशी ही उतरण. हीच चार सुरांची उतरण पुढे सतराव्या शतकातल्या व्हेनिसच्या ऑपेरात विलापाची खूणच होऊन बसली. एलन रोझँड या अभ्यासिकेने १९७९ साली एका लेखात ती परंपरा उलगडून दाखवली आहे. विलापाचा प्रसंग आला की मंद्रातल्या वाद्यांनी हे चार सूर धरायचे, संपले की पुन्हा पहिल्यापासून धरायचे, आणि त्यांवर स्त्रीच्या आवाजाने आक्रोश करायचा. तबल्याच्या स्वतंत्र वादनाला हार्मोनियमवर लेहरा धरतात ते ज्यांनी ऐकले आहे त्यांना ही कल्पना परकी वाटू नये. तबलजी वाटेल तिथे जातो, कारण लेहरा कुठेही जात नाही.

क्लाउदिओ माँतेव्हेर्दीने १६३८ मध्ये छापलेल्या आपल्या आठव्या संग्रहात एका अप्सरेचा विलाप आहे. प्रियकराने टाकलेली ती मुलगी गाते, तिघे पुरुष तिच्याकडे पाहून हळहळतात, आणि खाली ते चार सूर अखंड फिरत राहतात. या रचनेला माँतेव्हेर्दीने गायकांसाठी एक सूचना जोडली आहे. पुरुषांनी हाताच्या तालावर गावे. त्या मुलीने मात्र हाताच्या नव्हे, मनाच्या भावाच्या गतीने गावे. एका ओळीच्या या सूचनेत माझ्या आजच्या म्हणण्याचा गाभा आलेला आहे. दुःख करणारीला ताल सोडून जाण्याची मुभा आहे. पण ही मुभा तिला देता येते ती ताल दुसऱ्या कुणीतरी सांभाळलेला आहे म्हणूनच. सगळ्यांनीच ताल सोडला असता तर विलाप उरला नसता, नुसता गोंधळ झाला असता. आणि सगळ्यांनीच ताल पाळला असता तर ती एक नीटनेटकी, कोरडी रचना झाली असती. रडू त्या दोहोंमधल्या फटीत आहे.

ही फट सर्वांत रुंद आणि सर्वांत सुंदर करून दाखवली ती हेन्री पर्सेलने. नेहम टेटच्या संहितेवरचा त्याचा 'डायडो अँड एनियस' हा छोटा ऑपेरा १६८९ च्या सुमारास लंडनजवळच्या चेल्सीत, मुलींच्या एका शाळेत सादर झाला होता. कार्थेजची राणी डायडो हिला एनियस सोडून निघाला आहे, आणि मरणापूर्वी ती आपल्या दासीजवळ शेवटचे गाते. इथेही खाली तीच उतरण आहे, पण पर्सेलने तिच्यातल्या मोकळ्या जागा भरून टाकल्या आहेत : सा, शुद्ध निषाद, कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम. पायरी पायरी करत खाली जाणारी ही ओळ शेवटी पुन्हा षड्जावर येऊन टेकते. पाच मात्राखंडांचे हे आवर्तन अकरा वेळा येते. आता वर डायडो काय करते ते ऐकण्यासारखे आहे. तिची वाक्ये आवर्तनाच्या हद्दी मानत नाहीत. खालची ओळ संपते तेव्हा तिचे वाक्य अर्धे असते. तिचे वाक्य संपते तेव्हा खालची ओळ पुन्हा निघालेली असते. आपल्याला विसरू नये ही तिची विनवणी तर सुरुवातीला एकाच सुरावर पुन्हा पुन्हा येते, जणू वर चढायचे बळ उरलेले नाही. ती म्हणते आहे की थांबा, आणि बास, म्हणजे मंद्रातली ती खालची ओळ, थांबत नाही. क्रौर्याने नव्हे, बासला तिचे ऐकूच येत नाही. दुःखात असलेल्या माणसाला जगाविषयी नेमके हेच वाटत असते. रस्त्यावरची वाहतूक चालू असते, दूधवाला वेळेवर येतो, उजाडायचे तेव्हा उजाडते. पर्सेलने ते जग सहा सुरांत उतरवले. आणि तेच जग, तेच न थांबणे, ऐकता ऐकता आधार होऊन जाते : ती कितीही कोसळली तरी खाली जमीन आहे. शेवटी राणीचा आवाज संपतो, आणि इतका वेळ खाली राहिलेली ती उतरण वरच्या व्हायोलिनांत येते. गाणारी गेली, पण उतरण चालूच आहे.

इथे पहिली हरकत येईल. कुणी म्हणेल, हे बांधणीचे कौतुक राहू द्या. गाणे रडवते कारण ते रडक्या सुरांत असते. या हरकतीमागे खरा पुरावा आहे. पॅट्रिक जुस्लिन आणि पेट्री लाउका यांनी २००३ साली शंभराहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले की दुःखी माणसाचे बोलणे आणि दुःखी म्हणून ओळखले जाणारे वादन यांच्या खुणा सारख्या असतात : गती मंद, आवाज हळू, स्वरांची चढउतार थोडी. मेगन कर्टिस आणि जमशेद भरुचा यांना २०१० मध्ये असे आढळले की दुःखाने बोललेल्या इंग्रजी शब्दांत षड्ज आणि कोमल गंधार यांच्यातले अंतर पुन्हा पुन्हा दिसते. पाश्चात्त्य संगीतातल्या मायनरची ओळख असलेले अंतर तेच. हे सारे मला मान्य आहे. पण यावरून गाणे दुःखी आहे हे *ओळखू* येते इतकेच सिद्ध होते. ते ऐकून आपण रडतो का, हा प्रश्न वेगळा आहे. संथ आणि मायनरमधली असंख्य गाणी आपण कोरड्या डोळ्यांनी ऐकतो. आणि उलट बाजूही पाहावी. ग्लुकच्या १७६२ सालच्या 'ऑर्फेओ' या ऑपेरात ऑर्फियस आपली बायको दुसऱ्यांदा गमावतो आणि जो विलाप करतो तो सरळ मेजरमध्ये, शुद्ध स्वरांत आहे. एदुआर्द हान्सलिक या व्हिएन्नातल्या समीक्षकाने १८५४ मध्ये याच गाण्याकडे बोट दाखवून म्हटले की या चालीवर बायको सापडल्याच्या आनंदाचे शब्दही तितकेच शोभतील. तेव्हा संगीतात भावना असते ही समजूतच चूक. हान्सलिकची हरकत मी गंभीरपणे घेतो, पण तिच्यातून त्याच्यापेक्षा वेगळा निष्कर्ष काढतो. चालीत दुःख ओतलेले नसूनही ते गाणे अडीचशे वर्षे लोकांना हलवते आहे, कारण त्या चालीचा तोल सुटत नाही. तीच ओळ पुन्हा पुन्हा तशीच परतते, आणि दर वेळी ऑर्फियसजवळ तिच्याखेरीज काही उरलेले नाही हे आपल्याला अधिक कळते. क्लॅप्टनचे 'टिअर्स इन हेवन' हेही मेजरमध्ये आहे, आणि अॅडेलचे 'समवन लाइक यू' हेही.

अॅडेलच्या गाण्यावर थोडे थांबायला हवे, कारण त्याच्यावरून शास्त्र आणि संगीत यांच्यात एक छोटा वादच झाला. इंग्लिश मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९९१ मध्ये ८३ श्रोत्यांना विचारले होते की कोणत्या रचनेच्या कोणत्या नेमक्या जागी तुमचे डोळे भरतात, अंगावर काटा येतो. डोळे भरणाऱ्या जागांत एक गोष्ट वारंवार निघाली : साथीच्या सुरांशी न जुळणारा एक सूर जोर देऊन लावायचा, तो क्षणभर टांगता ठेवायचा, आणि मग शेजारच्या जुळणाऱ्या सुरावर उतरवायचा. इटालियनमध्ये याला आपोज्यातुरा म्हणतात. मूळ अर्थ टेकणे, रेलणे. २०१२ साली एका अमेरिकन वृत्तपत्राने हे संशोधन अॅडेलच्या गाण्याला लावून रडवण्याचे सूत्र सापडल्याचे सांगितले. काही संगीतज्ञांनी हरकत घेतली की त्या गाण्यात काटेकोर अर्थाने आपोज्यातुरा नाहीतच. मला त्यांचे म्हणणे पटते. पण त्याने स्लोबोडांच्या निरीक्षणाचे मोल कमी होत नाही. ती सुरावट म्हणजे अश्रुग्रंथीला जोडलेली कळ नव्हे. तिचा अर्थ असा की रेलणाऱ्या सुराला रेलायला काहीतरी लागते. साथ स्थिर असेल तरच एखादा सूर तिच्याशी बेबनाव करू शकतो आणि परत येऊ शकतो. 'समवन लाइक यू' या गाण्यात काय आहे? एक पियानो आणि एक आवाज. पियानो सुरुवातीपासून एकाच नमुन्यात सूर सुटे करून वाजवत राहतो. ना वाढ, ना थरथर. आवाज मात्र एका जागी वर उसळतो आणि तिथे चिरकतो की काय असे वाटते. पियानोने तिथे तिच्याबरोबर आक्रोश केला असता तर ते गाणे वाया गेले असते.

अमेरिकेतल्या कंट्री संगीतात हे तत्त्व वेगळ्या रीतीने दिसते. जॉर्ज जोन्सने १९८० मध्ये गायलेले 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' हे बॉबी ब्रॅडक आणि कर्ली पुटमन यांचे गाणे. मरेपर्यंत तिच्यावर प्रेम करीन असे एक माणूस म्हणाला होता. आज त्याने प्रेम करणे सोडले. तो मेला असे गाणे सांगत नाही. दारावरच्या फुलांवरून, त्याला घेऊन जायला आलेल्या माणसांवरून ते आपल्याला कळते. सांगणारा त्याचा मित्र आहे, स्वतः तो नव्हे. आणि ज्या जागी चाल टिपेला न्यावी, म्हणजे ती बाई त्याचे शेवटचे दर्शन घ्यायला येते तिथे, जोन्स गाणेच थांबवतो आणि साध्या बोलण्याच्या आवाजात चार वाक्ये सांगतो. चौकट इथे तालाची नाही, सांगण्याच्या मर्यादेची आहे. शोकसभेत धीराने बोलणाऱ्या माणसाचे भाषण ऐकताना समोरचे रडतात. बोलणाराच कोसळला तर समोरच्यांना त्याला सावरायला उठावे लागते, आणि रडणे राहून जाते.

जॉनी कॅशचे 'हर्ट' हे याचे सर्वांत कडक उदाहरण. मूळ गाणे ट्रेंट रेझ्नर या तरुण गायकाचे, १९९४ सालचे, शेवटी कर्कश आवाजात बुडून जाणारे. कॅशने ते २००२ मध्ये, सत्तरीत, आजारी असताना गायले. त्याने गाण्यावर जवळपास काहीच लादले नाही. मूळची एक शिवी काढून तिथे ख्रिस्ताच्या काट्यांचा मुकुट आणला, एवढेच ठळक. आवाज खरखरीत आहे, श्वास अपुरा पडतो, पण तो एकही ओळ ताणत नाही. त्याच्या ऐवजी वाढतो तो पियानोचा एकच सूर, ठोकत, ठोकत, शेवटाकडे असह्य होईतो. चार वर्षांचा मुलगा १९९१ मध्ये उंच इमारतीच्या खिडकीतून पडून गेल्यावर क्लॅप्टनने विल जेनिंग्ज यांच्याबरोबर लिहिलेले गाणेही असेच : अंगाईसारखी चाल, गिटारवर एकसारखी फिरणारी बोटे, आणि मुलाला विचारलेला एक प्रश्न. त्यात हंबरडा नाही. पुढे २००४ मध्ये क्लॅप्टनने काही काळ ते गाणे गाणे बंद केले. ज्या हानीतून ते आले होते ती आता तशी जाणवत नाही, असे त्याने सांगितले. मला यात मोठा प्रामाणिकपणा दिसतो. चौकट तयार होती, तंत्र हाताशी होते, लोकांना गाणे हवे होते. पण आत धरायला काही उरले नाही तेव्हा त्याने नुसती चौकट विकली नाही.

दुसरी हरकत अशी : गाण्याची बांधणी वगैरे काही नाही, माणूस आपल्या आठवणींनी रडतो, गाणे निमित्त. या बाजूनेही पुरावा आहे. लिला तारूफी आणि स्टेफान कोल्श यांनी २०१४ मध्ये ७७२ जणांना विचारले की दुःखी संगीत ऐकून काय वाटते. सर्वांत जास्त उत्तर आले ते दुःख नव्हे, तर गतकाळाची ओढ. लग्नाच्या दिवशी वाजलेले एखादे उडते गाणेही विधवेला रडवेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आठवणीने रडवणारे गाणे एका माणसाचे असते. लॅक्रिमे, डायडो, अमेरिकन संगीतकार सॅम्युएल बार्बरचा तंतुवाद्यांसाठीचा 'अडाजिओ' ही ज्यांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत अशा लाखो माणसांची आहेत. प्रत्येकाने आपापली आठवण आणून ठेवावी एवढी जागा त्यांत आहे, आणि ही जागा मोकळी राहते ती गाण्याने स्वतःच्या रडण्याने ती भरून टाकलेली नसते म्हणून.

मग जी गाणी खरोखर आक्रोश करतात त्यांचे काय? व्हिटनी ह्यूस्टनचे १९९२ चे 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' घ्या. डॉली पार्टनने १९७४ साली हळुवार गायलेले ते गाणे ह्यूस्टनने शिखरावर नेले. माझ्या म्हणण्याला हा अपवाद दिसतो. पण ती सुरुवात कशी करते? साथीशिवाय, जवळजवळ पाऊण मिनिट एकटी. आणि शेवटच्या उसळीआधी सगळे वादन थांबते, एक क्षण शांतता, एक ठोका, मग आवाज. त्या शांततेनेच आक्रोशाला बांध घातला आहे. बार्बरच्या 'अडाजिओ'तही तसेच : पायऱ्यापायऱ्यांनी चढत तंतुवाद्ये किंचाळण्यापर्यंत जातात, आणि मग निःशब्द विराम. वाद्यवृंदसंचालक तोस्कानिनीने १९३८ मध्ये तो नभोवाणीवर प्रथम सादर केल्यापासून राष्ट्रीय शोकाच्या वेळी तोच वाजवला जात आहे. २००१ च्या सप्टेंबरात लंडनच्या प्रॉम्स महोत्सवाच्या शेवटच्या रात्री, एरवी झेंडे फडकवण्याच्या जागी, हाच होता. तरीही मी कबूल करतो की काही गाणी चौकट न ठेवता नुसती भावना ओततात, आणि क्षणभर तीही डोळे ओले करतात. ती दुसऱ्यांदा करत नाहीत, एवढा फरक.

सर्वांत जुनी आणि सर्वांत कठीण हरकत प्लेटोची आहे. 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या भागात त्याने विलापाच्या स्वरपद्धती आदर्श नगरातून काढून टाकल्या, आणि दहाव्या भागात कारण दिले : दुसऱ्याच्या दुःखावर नाटकात रडणारा माणूस आपल्यातल्या रडणाऱ्या भागाला खाऊ घालतो, आणि स्वतःवर वेळ आली की तोच भाग त्याच्यावर राज्य करतो. अॅरिस्टॉटलचे विरेचन हे यावरचे परंपरागत उत्तर. रडून मन मोकळे होते. पण हे उत्तरही सरसकट खरे नाही. हॉलंडमध्ये २०१५ साली झालेल्या एका प्रयोगात हृदयद्रावक चित्रपट पाहून जे रडले त्यांना लगेच बरे वाटले नाही, उलट अधिक वाईट वाटले. दीड तासाने मात्र ते चित्रपटापूर्वीपेक्षा बऱ्या मनःस्थितीत होते. दुःखी संगीताने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून सांत्वन होत असावे, असा तर्क डेव्हिड ह्यूरन यांनी २०११ मध्ये मांडला होता. पुढे तपासणी झाली तेव्हा त्याला पाठबळ मिळाले नाही. आणि सँड्रा गारिडो व एमरी शूबर्ट यांच्या कामातून असे दिसते की जी माणसे तोच तोच विचार उगाळत बसतात त्यांना अशी गाणी आणखी खाली नेऊ शकतात. अशा माणसासाठी प्लेटो चुकला नव्हता. नैराश्यात रुतलेल्या माणसाच्या हाती गाण्यांची यादी देऊन आपण मोकळे होऊ नये. त्याला सोबत हवी आणि डॉक्टर हवा. पण प्लेटोच्या मांडणीत एक गृहीत आहे, की विलापाचे गाणे म्हणजे केवळ विलाप. ते गृहीत मला मान्य नाही. डायडोचे गाणे ऐकणारा तिच्या आक्रोशाबरोबर तो न थांबणारा बासही ऐकतो. त्याच्यातल्या रडणाऱ्या भागाला खायला मिळत असेल, तर ताल सांभाळणाऱ्या भागालाही मिळते.

याचा सर्वांत जड पुरावा दरबारातून किंवा ऑपेरातून नव्हे, अमेरिकेतल्या गुलामांच्या मळ्यांतून येतो. फ्रेडरिक डग्लस हा गुलामगिरीतून पळालेला माणूस १८४५ च्या आपल्या आत्मकथनात सांगतो की गुलामांच्या गाण्यावरून ते सुखी असल्याचे ठरवणारी माणसे त्याला भेटली, आणि यापेक्षा मोठी चूक असू शकत नाही. गुलाम सर्वांत दुःखी असतो तेव्हा सर्वांत जास्त गातो. आसवांनी दुखऱ्या मनाला मिळतो तसाच दिलासा त्याला गाण्याने मिळतो. १९०३ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी आपल्या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण याच शोकगीतांना दिले. या गाण्यांत एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे तीच ठरलेली ओळ परत देतात. एकाचा आवाज फाटला तरी परतणारी ओळ चुकत नाही. ज्यांना रडायलाही मोकळीक नव्हती अशा माणसांनी ही बांधणी घडवली. तिला मनाचे लाड कोण म्हणेल?

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. करुण रसातून आनंद कसा होतो यावर मराठी समीक्षेने भरपूर वाद घातला आहे. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात मांडलेली सविकल्प समाधीची कल्पना आठवावी : वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि त्याच वेळी स्वतःच्या भूमिकेतही राहतो. मला ती कल्पना अजूनही कामाची वाटते, फक्त संगीताच्या बाबतीत एक भर घालावीशी वाटते. वाचकाला स्वतःचे भान स्वतः राखावे लागते. गाण्यात ते बाहेरून राखले जाते, ताल श्रोत्यासाठी जागा राहतो. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतला मांडो पाहिला की हे डोळ्यांना दिसते. पाश्चात्त्य स्वरमेळ आणि कोकणी शब्द यांच्या मिलाफातून एकोणिसाव्या शतकात वाढलेले हे विरहाचे, ओढीचे गाणे. तोर्कुआतो द फिगेरेदो यांचा निरोपाचा मांडो आजही डोळे ओले करतो. पण तो गायला जातो कसा? स्त्रिया आणि पुरुष समोरासमोर दोन रांगांत, ठेवणीतल्या कपड्यांत, हातात पंखे, पावले मोजून, घुमट या वाद्याच्या ठोक्यावर. डाउलंडची पवान आणि हा मांडो यांच्यामध्ये अडीचशे वर्षे आणि एक समुद्र आहे. आणि दोन्हीकडे आसवांना नाचाच्या रांगेत उभे केले आहे.

दर नोव्हेंबरात, दुसऱ्या रविवारी, लंडनच्या व्हाइटहॉलमध्ये युद्धात पडलेल्यांच्या स्मारकासमोर लष्करी बँड जमतात. भारतासह राष्ट्रकुल देशांचे प्रतिनिधी पुष्पचक्रे घेऊन उभे असतात. अकरा वाजण्याआधी जी काही मोजकी सुरावट वाजते तिच्यात डायडोचा विलाप असतो. तिथे गायिका नसते, शब्द नसतात, कार्थेजची राणीही नसते. पितळी वाद्ये खालची ती उतरण धरतात, आणि जिथे तिचा आवाज यायचा तिथे जमलेल्या प्रत्येकाच्या मनात त्याचे त्याचे माणूस असते. मग घड्याळाचे ठोके पडतात आणि दोन मिनिटे कुणी काही वाजवत नाही.